फाटकावरचे दामूभाऊ

रेल्वेचं फाटक पडलं की दामूभाऊ आधी भज्यांचा घाणा तेलात सोडायचे आणि मग रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांकडे बघायचे. बैलगाड्या, सायकली, रिक्षा, एखादा ट्रक यांच्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांतला माणूस बसलेली जीप दिसली, की झारा बायकोच्या हातात देऊन ते निघालेच. कागदावर गरम भजी, वर तळलेली मिरची. जीपच्या खिडकीतून कागद आत सरकवायचा, माणसानं पहिलं भजं तोंडात टाकलं की बोलायला सुरुवात करायची. तोंडात गरम भजं असलेला माणूस मधेच बोलणं तोडत नाही, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. बोलून झालं की ते हात पुढं करायचे आणि भज्यांचे पैसे मागायचे. पुढारी चमकून बघायचा, कारण त्या जातीच्या माणसाला खाण्याचे पैसे मागितलेले सवयीचे नसतात. मग खिसे चाचपायचा आणि शेवटी ड्रायव्हरकडून घेऊन द्यायचा.

मी एकदा त्यांना म्हटलं, "दामूभाऊ, काम करून घ्यायचं आहे तर चार भजी फुकट द्या की. पैसे कशाला मागता?"

"फुकट खाल्लेला माणूस खाल्लं तेवढंच विसरते, बाई," ते म्हणाले. "पैसे देले का चव याद राह्यते, अन् चवीसंगं बोलणंबी."

वर्ध्याच्या कडेला, रुळाच्या पलीकडं आमची वस्ती होती. मागं नाला आणि वावरं, पुढं रेल्वेची लाइन. बाजार, दवाखाना, शाळा, एवढंच काय, स्मशानसुद्धा रुळाच्या त्या बाजूला. गावात जायचं तर फाटक हा एकच रस्ता. एखादी गाडी जाऊन फाटक उघडलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण सिग्नल मिळेना म्हणून कोळशाच्या मालगाड्या बरोबर रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या. इंजिन पार पुढं, गार्डाचा डबा पार मागं, आणि मधे आम्ही. पाव तास, अर्धा तास, कधी तासभर. तरणी पोरं दोन डब्यांच्या मधून, साखळ्यांखालून वाकून निघून जायची. म्हाताऱ्यांनी, गरोदर बायांनी आणि सायकलवाल्यांनी मात्र उभं राहायचं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन या वस्तीत आले. गावातल्या मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली, आणि पहिल्याच महिन्यात मस्टरवर माझ्या नावापुढं उशिराच्या लाल रेघा ओढल्या जाऊ लागल्या. एक दिवस मीही पदर खोचला आणि डब्याखालून जायला वाकले. मागून दंडाला धरून कोणीतरी खेचलं. वळून बघते तर बेसनानं माखलेला हात.

"मास्तरीणबाई, गाडी सुटताना गार्ड ड्रायव्हरले निशाण दाखवते," दामूभाऊ म्हणाले. "तुमाले दाखवत नाई. चला, बसा बाकड्यावर. शाळा कुठी पळून नाई जात."

मला राग आला. अनोळखी माणसानं दंडाला धरलं याचा आला आणि तो बरोबर बोलला याचा जास्त आला. पण मी बाकड्यावर बसले, आणि पुढं दहाबारा वर्षं त्याच बाकड्यावर बसत राहिले. उभी राहिलेली मालगाडी समोर ठेवून माणसानं तरी किती वेळ गप्प राहायचं? म्हणून आमच्या गप्पा सुरू झाल्या.

त्यांची मूर्ती काही छाप पाडणारी नव्हती. बुटके, पोट सुटलेले, डोक्याला मळकं फडकं, धोतर गुडघ्यापर्यंत. मूळचे देवळीकडच्या एका खेड्यातले. लहानपणी शिकायला म्हणून वर्ध्याला आले आणि गरीब मुलं तेव्हा जेवायची तसे वार लावून जेवले. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, अशी सात दारं. सातवीनंतर शिक्षण सुटलं, वारही सुटले. मग कोणाच्या तरी हॉटेलात कपबशा विसळता विसळता स्वतःची कढई झाली. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर टिनं, दोन बाकडी. आलुबोंडे, भजी आणि चहा. गिऱ्हाईक म्हणजे फाटकावर अडकलेला माणूस. फाटक उघडं असलं की कुत्रं फिरकायचं नाही. ते पडलं की उभं राहायला जागा नसायची.

आणि हाच माणूस येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला खिडकीत गाठून सांगत होता, की या रुळावरून पूल बांधा.

त्यांचा मुलगा सुरेश तेव्हा नुकताच कॉलेज सोडून हॉटेलात बसायला लागला होता. त्याला हे अजिबात पटत नसे. तो माझ्यासमोरच बापाला बोलायचा. "बाबा, पूल झाला तर इथी कोन थांबन? आपलंच पोट आपल्या हातानं कापून राह्यले तुमी."

"पोट हातानंच भरलं ना? मंग हाताले ठावं आहे पुन्हा कसं भराचं ते," दामूभाऊ म्हणायचे. सुरेश पाय आपटत आत जायचा, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं.

एकदा मात्र दामूभाऊ नीट बोलले. त्या दिवशी आमच्या आळीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या म्हणून रिक्षात घालून दवाखान्यात नेत होते, तर फाटक पडलेलं. गाडी येऊन उभी राहिली ती राहिलीच. शेवटी दामूभाऊंच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, हॉटेलामागं लुगड्याचा आडोसा केला, बेसनाची रिकामी पोती अंथरली, आणि मूल तिथंच झालं. पोरगी झाली, जगली. लोक हसले, पेढे वाटा म्हणाले. दामूभाऊ हसले नाहीत. कढई उतरवून बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, ती तिकडं कण्हून राह्यली अन् इकडं लोकं मले भजे मागून राह्यले. मी देलेबी. हात थांबला नाई माहा. असा धंदा माणसानं किती दिस करावा?"

तरी त्या पुढाऱ्यांमागं लागण्याचा मला तिटकारा होता. वर्ध्याला पुढाऱ्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. पवनारच्या आश्रमात येणारे, सभेला येणारे, नुसतेच हवापालट करायला येणारे. मला वाटायचं, मत दिलं आहे, आता काम करणं त्यांचं कर्तव्य. त्यांच्यामागं कागद घेऊन धावणं म्हणजे लाचारी. मी तसं बोलून दाखवलं.

"गडी ठेवता का तुमी वावरात?" त्यांनी विचारलं.

"सासऱ्यांनी ठेवला आहे."

"मंग सासरे घरी झोपते का बांधावर जाते?"

"जातात."

"गड्याच्या पाया पडाले जाते का?"

"नाही. पाया कशाला पडतील?"

"तेच ते. मत देलं म्हणजे गडी ठेवला. आता बांधावर जा लागते, रोज जा लागते. गडी वाईट नसते, बाई, पण मालक दिसला नाई का तोबी झाडाखाली पडते."

आमच्या मतदारसंघाचे आमदार, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, त्यांचं मूळ गाव आमच्या वस्तीच्या पुढच्या रस्त्यावर होतं. बंगला गावात, शेती इकडं. म्हणजे आठवड्यातून दोनतीनदा फाटकावर अडकायचे ते हमखास. माणूस गोड. दामूभाऊंच्या खांद्यावर हात टाकायचे, भजी खायचे, पैसे द्यायचे, आणि "पुलाचं डोक्यात आहे" म्हणायचे. ते डोक्यातून खाली काही उतरत नव्हतं. निवडणूक झाली, पुन्हा निवडणूक झाली. साहेबांच्या खिडकीत दामूभाऊ, दामूभाऊंच्या मागं मालगाडी, असं ते चित्र मी वर्षानुवर्षं बघत होते. मालगाडीच्या आधी माणसांचंच हलणं बंद झालं आहे की काय, असं मला वाटायला लागलं.

मग वस्तीतले गणपतराव वारले. जिनिंगमध्ये हमाली केलेला, अंगानं दांडगा माणूस. मे महिना होता, शाळेला सुट्टी. मी काकूंजवळ हॉटेलाच्या दारात उभी होते. पुढं मडकं घेतलेला मुलगा, मागं "रामनाम सत्य है" करत तिरडी आली, आणि घंटा वाजून फाटक पडलं. मालगाडी आली आणि नेहमीसारखी आडवी उभी राहिली.

आता तिरडी एकदा उचलली की विसाव्याच्या जागेशिवाय खाली ठेवत नाहीत, आणि विसावा रुळाच्या पलीकडं. तिरडी डब्याखालून नेता येत नाही. तेव्हा खांदेकरी तसेच उन्हात उभे राहिले. एकजण दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा. गणपतरावांचं वजन काही जिवासोबत गेलं नव्हतं. तेवढ्यात मागून हॉर्न वाजवत साहेबांची जीप आली.

दामूभाऊंनी त्या दिवशी भजी घेतली नाहीत. डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं, जीपजवळ गेले, आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, खांदा द्या."

खांदा मागितला तर वैरीसुद्धा नाही म्हणत नाही. साहेब लगेच उतरले, चपला काढल्या आणि पुढचा उजवा दांडा घेतला. लोकांना बरं वाटलं. साहेबांनाही वाटलं असावं, कारण त्यांच्या अंदाजानं हे दोन मिनिटांचं काम होतं. पण गाडी हलेना. ऊन डोक्यावर. साहेबांचा पांढरा कुडता पाठीला चिकटला, त्यावर गुलाल उतरला. त्यांनी मान जराशी वळवून मागं बघितलं. कोणी बदली यायला निघालं की दामूभाऊ हळूच हात आडवा करायचे. साहेबांचा ड्रायव्हर पुढं झाला तेव्हा त्यालाही त्यांनी थांबवलं. "साहेबाच्या हातून पुण्य होऊन राह्यलं, बाप्पा. तू काऊन आडवा येतं?"

माझ्या शेजारी काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही.

"दामूभाऊ," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही गाडी कधी हलणार?"

"तिच्या मनात येईन तवा. आमी रोजच पाह्यतो."

साहेबांचा खांदा खाली जायला लागला, तशी तिरडी तिकडं कलली. साहेबांनी दातओठ आवळून ती वर उचलली आणि म्हणाले, "करतो, दामूभाऊ. पूल करतो."

"तिरडीखाली उभं राहून बोलले, साहेब," दामूभाऊ म्हणाले, आणि स्वतः पुढं होऊन त्यांच्या खांद्यावरचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला.

वस्तीत आठवडाभर दिवाळी होती. दामूभाऊ मात्र म्हणाले, "बोलले ते खरं. आता ते आपल्याले टाळन." आणि तसंच झालं. साहेबांची जीप फाटकावर यायची बंद झाली. जीपनंच जमेल असा दूरचा वळसा घेऊन ते आपल्या गावाला जायला लागले. कधी काळी अडकणारा एक पुढारी सुटला, आम्ही तिथंच राहिलो. मला तर सगळं संपलं असंच वाटलं. ज्याला गाठायला फाटकासारखी जागा हाताशी होती, त्याला आता कुठं गाठणार?

तेव्हा दामूभाऊंनी वस्तीतल्या लोकांना मारुतीच्या पारावर बोलावलं. तरुण पोरांचं म्हणणं होतं, मोर्चा काढू, बंगल्याची काच फोडू. दामूभाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओरडणाऱ्याले पोलीस आवरते. बसणाऱ्याले कोन आवरन? आपण साहेबाले वार लावू."

कोणाला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. रोज सकाळी वस्तीतल्या एका घरानं साहेबांच्या बंगल्यावर जायचं. व्हरांड्यात बसायचं. साहेब बाहेर आले की एकच गोष्ट विचारायची, पुलाचं काय झालं. उत्तर ऐकायचं, पाणी प्यायचं, घरी यायचं. आवाज चढवायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं घर.

"रोज एकच माणूस दारात गेला का ते कुत्रं सोडते," ते म्हणाले. "आठवड्यातून एकदा गेला का ताट वाढते. मी सात वर्षं जेवलो अशा दारात, मले विचारा."

मला गुरुवार आला. खरं सांगते, पहिल्या गुरुवारी मी लाजेनं अर्धी झाले. शिकलेली बाई, कोणाच्या तरी व्हरांड्यात जाऊन बसायचं म्हणजे काय! साहेबांनी "या बाई" म्हटलं, मी ओठातल्या ओठात पुलाचं विचारलं, "प्रस्ताव गेला आहे" हे ऐकलं आणि जवळजवळ पळत सुटले. पण त्याच दिवशी एक गंमत कळली. आदल्या दिवशी बुधवारी आमच्या आळीतला न्हावी तिथं गेला होता आणि त्यालाही "प्रस्ताव गेला आहे" हेच सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांची उत्तरं पारावर एकत्र झाली, तेव्हा कोणाला काय सांगितलं, कुठं फरक पडला, ते उघड झालं. साहेबांनाही ते कळलं असावं. हळूहळू त्यांची उत्तरं खरी व्हायला लागली. अमुक टेबलावर अडकलं आहे, मुंबईला जातो आहे, सही व्हायची आहे. एकदा तर ते स्वतःच म्हणाले, "बाई, उद्या कोणाचा वार आहे? त्यांना म्हणावं, चांगली बातमी आहे."

त्या व्हरांड्यात बसताना माझी लाज कधी गेली, मला सांगता येणार नाही. पुढं पुढं तर गुरुवारची मी वाट बघायला लागले.

पूल झाला. ऐंशीच्या दशकात तो बांधून पूर्ण झाला तेव्हा वस्तीतली पोरं संध्याकाळी नुसती तो बघायला जायची. पण बघायला जायची ती लांब जायची, हे आमच्या लक्षात जरा उशिराच आलं. गाड्या चढायच्या तर चढ लांबूनच सुरू करावा लागतो. आमच्या बाजूनं तो वस्तीच्या खूप पुढं शेतातून सुरू झाला होता, आणि त्या बाजूला बाजाराच्याही पलीकडं उतरला होता. वर पायी चालणाऱ्याला वेगळी वाट नव्हती. दोन ट्रक समोरासमोर आले की सायकलवाल्यानं कठड्याला चिकटायचं. आणि मग उद्घाटनाच्या आठच दिवस आधी मजूर आले, फाटकाचे खांब उपटले आणि रस्त्यावर आडवी भिंत बांधली. पूल झाला की फाटक कायमचं बंद होतं, असा नियम होता म्हणे. तो आम्हाला कोणी सांगितला नव्हता, आणि आम्ही कोणी विचारला नव्हता.

दामूभाऊ भिंतीकडं बघत उभे होते. मी शाळेतून येत होते. कधी नव्हे तो त्यांचा चेहरा मला म्हातारा दिसला.

"बाई, मी पूल पूल करत राह्यलो," ते म्हणाले. "पायानं जाणाऱ्याले वर चढाले जिना लागते, हे मले सुचलंच नाई. गाड्या मोकळ्या केल्या मी अन् माणसं कोंडली. चूक माही आहे."

"आम्ही सगळेच मागत होतो," मी म्हटलं.

"तुमी मी सांगतलं तेच मागत होते."

उद्घाटनाला मंडप होता, बँड होता. दामूभाऊंना स्टेजवर बोलावून साहेबांनी स्वतःच्या हातानं शाल पांघरवली, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन शब्द बोला म्हणाले. दामूभाऊंनी शाल अंगावर तशीच ठेवली आणि माइकपुढं म्हणाले, "पूल साहेबानं केला, तुमी करवून घेतला. लय चांगला झाला. आता आमी खालचे लोक वर कसे याव, तेवढं साहेबानं सांगा. जिना पाह्यजे." लोक हसले. त्यांना वाटलं, दामूभाऊ विनोद करताहेत. साहेबही हसले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "जिनाही होऊन जाईल, दामूभाऊ!" मग बँड वाजायला लागला, आणि साहेबांची मोटार पहिल्यांदा पुलावरून गेली.

भिंतीला महिन्याभरात पोरांनी भगदाड पाडलं. तिथून वाकून लोक रूळ ओलांडू लागले. पूर्वी निदान घंटा वाजायची, फाटकवाला ओरडायचा. आता कोणीच ओरडायला नव्हतं. माझ्या शाळेतल्या वस्तीतल्या मुली त्या भगदाडातून यायच्या. दप्तर आधी पलीकडं टाकायचं, मग स्वतः. त्या वर्गात येऊन बाकावर बसेपर्यंत माझं शिकवण्यात लक्ष लागत नसे.

हॉटेल बंद पडायचंच होतं, ते पडलं. सुरेशनं देवळीच्या बसस्टँडजवळ जागा घेतली आणि आईबापांना घेऊन गेला. निघताना त्यानं मला एवढंच म्हटलं, "मी सांगतलं होतं, बाई." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. दामूभाऊ रिक्षात कढई मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, आता संपलं. वस्ती सुटली, आता या माणसाला जिन्याशी काय देणंघेणं?

पुढच्या गुरुवारी मी शाळेत जाण्याआधी साहेबांच्या बंगल्यावर गेले तर व्हरांड्यात दामूभाऊ बसलेले. पहाटेच्या एस.टी.नं आले होते.

"तुमी कायले आल्या?" ते म्हणाले. "शाळा आहे तुमची. गुरुवार मले द्या. बाकीचे वार वस्तीनं पाहावे."

"तुम्ही देवळीहून येणार? दर आठवड्याला?"

"चूक मी केली तर एस.टी.त बसाले काय जाते?"

बाकीचे वार हळूहळू गळाले, हेही सांगायला पाहिजे. लोक थकले. पूल मिळाला, आता पुरे, असं म्हणायला लागले. भगदाडाची सवय झाली. माणसाला अडकण्याची सवय होते, ही मला सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते. दामूभाऊ मात्र गुरुवार चुकवत नव्हते. पावसात, थंडीत, गुडघे सुजलेले असताना येत राहिले. साहेबांचा माणूस त्यांना चहा आणून द्यायचा. साहेब बाहेर आले की दामूभाऊ विचारायचे, "जिन्याचं काय झालं?" साहेब काहीतरी सांगायचे. मग दामूभाऊ परतीची बस धरायचे. आम्ही कधी बसस्टँडवर भेटायचो. मी म्हणायचे, "काही होणार आहे का, दामूभाऊ?"

"न झालं तर त्याईचं झोपणं तरी होणार नाई," ते म्हणायचे आणि खोकत हसायचे.

एका गुरुवारी दुपारच्या सुट्टीत शिपाई सांगत आला, की बाहेर साहेबांचा ड्रायव्हर आला आहे. मला आधी वाटलं, बदलीबिदलीचं काही आहे. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आज दामूभाऊ नाई आले. साहेब चार बार विचारून राह्यले. तुमाले काई ठावं आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून देवळीची बस धरली. सुरेशच्या हॉटेलाचं दार बंद होतं, बाहेर माणसं बसली होती. दामूभाऊ पहाटे गेले होते. बससाठी लवकर उठले, धोतर नेसले, आणि पायात चपला घालायला खाली बसले ते उठलेच नाहीत. काकू मला म्हणाल्या, "म्या म्हणलं, आज नका जाऊ, आंग गरम आहे. तर म्हणते, आज गेलो नाई तर साहेबाले वाटन, जिना झाला." आणि त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. वडील गेले तेव्हा आईला सांभाळायचं होतं म्हणून मला रडता आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

पुढच्या गुरुवारी मी साहेबांकडं गेले. साहेबांचे डोळे खरोखर भरून आले. हा माणूस खोटं रडणारा नव्हता, हे मी त्यांच्याबद्दल कधीही सांगेन. त्यांनी मला खुर्ची दिली, पण मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"बाई, असा माणूस पुन्हा होणे नाही," ते म्हणाले. "मी एक ठरवलं आहे. त्या पुलाला दामूभाऊंचं नाव द्यायचं. पाटी मी स्वतः लावणार. वस्तीला केवढा आनंद होईल, बघा."

"साहेब," मी म्हटलं, "त्या पुलावरून दामूभाऊ एकदाही चालत गेले नाहीत. चालता येत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग काय करावं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"जिन्याचं काय झालं?"

"ते खात्याकडं आहे, बाई. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं."

साहेबांचा माणूस चहा घेऊन आला आणि सवयीनं कपबशी माझ्या शेजारच्या, दामूभाऊ बसायचे त्या रिकाम्या जागेवर ठेवून गेला. शाळेची पहिली घंटा व्हायची वेळ झाली होती. साहेबांनी घड्याळ बघितलं, मीही बघितलं. मस्टरवर लाल रेघ पडणार होती. मी पदर सावरला आणि पाठ भिंतीला टेकून बाकावर नीट बसले.